नव्वदच्या पुढचा हादरा

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी फिरते आहे की हादराबाईने घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाचा हात जॅकखाली घालून चिरडला आणि तो किंचाळत असताना शेजारी बसून चहा प्यायली. बातमी मी पसरवलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गल्लीत काहीही पसरलं की लोक पहिल्यांदा माझ्याच दुकानाकडे बघतात. मी त्या वेळी तिथे हजर होतो. हजर कसला, अडकलेला होतो. तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका. जॅक नव्हता, व्हॅनचं सरकतं दार होतं. हात चिरडला नाही, मनगट मोडलं. वाटणीचं म्हणाल तर ते घर दीड खोलीचं आहे; वाटणी केलीच तर एकाच्या वाट्याला खिडकी येईल आणि दुसऱ्याच्या वाट्याला खिडकीचे गज. आणि चहा मी प्यायलो. तोही सगळं झाल्यावर.

हादराबाईचं गॅरेज आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तिने पलीकडे घण मारला की अलीकडे माझ्या मशीनची सुई उडी मारते. कित्येक गिऱ्हाइकांच्या कॉलरी तिच्यामुळे वाकड्या झाल्यात आणि शिव्या मी खाल्ल्यात. इंजिन, गिअर, रंगकाम असली कामं बाकीच्या गॅरेजवाल्यांची. हिच्याकडे येतात त्या थरथरणाऱ्या गाड्या. गावात नीट चालणारी, पण हायवेवर ऐंशी-नव्वदला गेली की हिव भरल्यासारखी कापणारी गाडी असली की लोक म्हणतात, जा हादराबाईकडे. अर्थात हे नाव पाठीमागे घ्यायचं. तोंडावर ताई. तोंडावर हादराबाई म्हणणारा एक जण होता, तिचा नवरा. त्याने एकदा तिच्यावर हात उगारला. एकदाच. तिच्या हातात तेव्हा नट काढायचा लांब पाना होता आणि तो खाली ठेवायला तिला सवड मिळाली नाही. त्याच्या गळ्याजवळचं हाड दोन जागी मोडलं. आता तो परगावी टायर विकतो आणि रस्त्याने तिच्या चणीची बाई येताना दिसली की दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतो. हे मात्र मी पसरवलंय.

तिच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण तिच्यात माझं पोट येतं.

गाडी आली की ती आधी पाना उचलत नाही. चपला काढते, अनवाणी बसते आणि मालकाला सोबत घेऊन हायवेवर जाते. मागच्या सीटवर एक जड माणूस लागतो. ती भिंतीवर हातोडीने दोनदा ठोकते आणि ओरडते, "भाऊजी, पोट घेऊन या!" की मी कातरी ठेवून निघतो. तिचा हिशेब साधा आहे. स्टिअरिंग थरथरलं तर आजार पुढच्या चाकांत. स्टिअरिंग शांत आणि माझं पोट हललं तर आजार मागे, चाकांत नाहीतर ती फिरवणाऱ्या शाफ्टमध्ये. गाडी वेगात असताना ती गिअर काढून टाकते. तरी थरथर राहिली तर इंजिनाला दोष नाही. मधूनच विचारते, "भाऊजी, पोट?" आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, "शांत," किंवा "लाटा येतायत." आमची ही म्हणते, तुमच्या पोटाचा जगाला झालेला हा एकमेव उपयोग.

एकदा एक गाडीमालक तिला सांगू लागला, माझी गाडी ठीक आहे, रस्ताच थरथरतो. हिने गाडी एकशे वीसला नेली. आरसा गळून पडला. पुढच्या ट्रकचं मागचं फळकुट आमच्या नाकासमोर आलं तशी तिने ब्रेक दाबला आणि मालकाचं कपाळ काचेवर आपटलं. "रस्त्याने मारलं का?" तिने विचारलं. मालक रडला. मी मागे ओकलो. तिने मला गाडी धुवायला लावली.

तर असा हा हात. त्या घरात माया आणि मार एकाच हाताने वाढतात. बाप ट्रक चालवायचा आणि पट्टाही. आता बाप नाही. गॅरेजमागच्या दीड खोलीत आई राहते आणि आईचा जीव धाकट्यावर. धाकटा म्हणजे हादराबाईचा भाऊ, तिच्याहून पुष्कळ लहान. त्याला हिनेच वाढवलं, हिनेच बडवलं, हिनेच पाना धरायला शिकवलं. त्याला दुसऱ्या कोणी बोट लावलं की मात्र त्या माणसाचं बोट जागेवर राहत नसे.

याच सवयीपायी पुढचं सगळं घडलं.

धाकटा व्हॅन चालवायचा. हायवेवरच्या कारखान्यात पाळीचे कामगार पोचवायचे आणि आणायचे. आधी हे काम चष्मेवाल्याकडे होतं. चष्मेवाला पलीकडच्या गल्लीतला, त्याचीही व्हॅन. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा, आणि हौस एवढी की व्हॅनची चाकं पोपटी रंगवलेली. आम्ही म्हणायचो, नवरीची व्हॅन आली. दोघांत त्या फेऱ्यांवरून रोज कुरबुर चालायची. पावसाळा सरता सरता एका पहाटे, धुकं दाट असताना, चष्मेवाल्याची व्हॅन हायवेच्या वळणावरून खाली गेली. तीन कोलांट्या खाल्ल्या. कामगार भरायचे होते, आत तो एकटाच होता, हेच नशीब. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या गेल्या. व्हॅनचा चेंदामेंदा झाला आणि ती भंगारात गेली. ती सगळीकडूनच खरचटलेली, त्यातला कुठला ओरखडा कोणाचा हे कोण सांगणार?

चष्मेवाला शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता. शेजारून व्हॅन आली, तिने चाकाला चाक घासून मला ढकललं, आणि ती धाकट्याची होती. कोणी ऐकलं नाही. धुक्यात, तेही त्या डोळ्यांनी, याला काय दिसणार? कारखान्याच्या फेऱ्या धाकट्याला मिळाल्या. लोक म्हणाले, पोटावर पाय आला म्हणून बडबडतोय.

एका संध्याकाळी चष्मेवाला कुबड्या टेकत गॅरेजच्या दारात आला. पाय प्लास्टरमध्ये. सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, "ताई, तुझ्या भावाने मला जिवे मारायला बघितलं होतं."

तिने त्याचं वाक्य नीट पुरं होऊ दिलं नाही. ग्रीसने माखलेल्या हाताची एक डाव्या गालावर, एक उजव्या. चष्मा उडाला. माणूस कुबड्यांसकट आडवा झाला. ती पुढे झाली आणि तिच्या टाचेखाली काचांचा भुगा झाला. मुद्दाम की चुकून, ते मला आजवर कळलेलं नाही. जमिनीवर पडल्या पडल्या, आंधळ्यासारखा भलत्याच दिशेला बघत तो म्हणाला, "मार गं बाई, मार. पण त्याची गाडी एकदा उचलून बघ. लोकांच्या बघतेस ना?"

"माझ्या भावाच्या गाडीला उचलायची गरज नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

पण गाडीला कोणाचा भाऊ कोण हे कळत नाही. धाकट्याची व्हॅन थरथरू लागली. आमच्या कानावर येत होतं. कामगारांनी जिभा चावून घेतल्या, एकाची कवळी निसटली. धाकटा बहिणीकडे काही येईना. दुसरीकडे जाऊन त्याने चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं, पुन्हा करून घेतलं, टायर बदलले, पुढची रिम बदलली. घरात वैद्य असताना हा गावभर नाडी दाखवत फिरत होता. आमची ही तेव्हाच म्हणाली, "खाई त्याला खवखवे." मी तिला गप्प केलं. शहाण्या बायकोला गप्प करणं ही नवऱ्यांची जुनीच खोड.

शेवटी कामगारांनीच बसायला नकार दिला. कारखान्यातून निरोप आला, गाडी नीट करा नाहीतर दुसरी बघतो. मग आईने दुपारी मधलं दार उघडून हुकूम सोडला, "भावाची गाडी बघ गं. गावाच्या बघतेस."

धाकटा किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. "ताई, फार काही नको. चाकं काढूबिढू नकोस. वरवर बॅलन्सिंग बघ आणि सोड."

"तू सांगणार मला, बाळ्या? नाक पुसायला मी शिकवलं तुला." तिने चपला काढल्या आणि भिंतीवर ठोकलं. "भाऊजी, पोट!"

मी मागे बसलो. धाकटा तिच्या शेजारी. ऐंशीपर्यंत व्हॅन गरीब गाईसारखी चालली. पंच्याऐंशीला स्टिअरिंगवरच्या तिच्या बांगड्या वाजू लागल्या. नव्वदला स्टिअरिंग असं हिसके मारू लागलं की जणू आत कोणीतरी कोंडून ठेवलंय आणि ते दार ठोठावतंय.

"भाऊजी, पोट?"

"शांत आहे ताई. वरचा माणूस घाबरलाय, पोट शांत आहे."

तिने वेगातच गिअर काढला. इंजिनाचा आवाज पडला. थरथर तशीच. "पुढे आहे," ती म्हणाली. पुढे एका ढाब्याच्या अंगणात तिने व्हॅन लावली आणि पुढची चाकं मागे, मागची पुढे अशी बदलून टाकली. धाकटा सारखा म्हणत होता, अगं कशाला, अगं राहू दे. चाकं का बदलली ते मला समजावून सांगायला तिला वेळ नव्हता, पण मीही आता या धंद्यात मुरलोय: दोष चाकात असेल तर तो चाकाबरोबर मागे जाईल आणि माझं पोट हलेल.

परत हायवे. पंच्याऐंशी. नव्वद. स्टिअरिंग पुन्हा पिसाळलं. माझं पोट ढिम्म. म्हणजे चाकं निर्दोष. ज्यावर चाक बसतं ते वाकलेलं. ती पायाने आणखी दाबत गेली. पंच्याण्णव. समोर वळण आलं. तेच वळण, जिथून चष्मेवाला खाली गेला होता. लोखंडी कठडा अजून तुटलेलाच होता. मागून ट्रक बोंबलत होता, खिडक्यांच्या काचा दात खात होत्या, आणि एकाएकी धाकट्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

"इथे नको! ताई, इथे हळू!"

तिने कोपर त्याच्या तोंडावर हाणलं. व्हॅन कठड्याकडे झेपावली आणि मला खालची झुडपं अगदी पानापानांसकट दिसली. तिने ती कशी वळवली देव जाणे. ट्रक आमच्या आरशाला चाटून गेला. मी मागे जे काही म्हणत होतो ते लिहिण्यासारखं नाही.

वळण मागे पडलं. धाकटा ओठाचं रक्त पुसत होता. मग तिने अगदी हळू विचारलं, आणि तिचं हळू बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं: "इथे का नको रे?"

"उगाच. अपघाताची जागा आहे."

गॅरेजमध्ये व्हॅनचं पुढचं तोंड उचलून स्टँडवर ठेवलं. डावं चाक काढलं. नट तिने सवयीप्रमाणे रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकले. सगळ्याच गाड्यांचे टाकते, घाण सुटते म्हणून. चाकाच्या मागे असते ती जाड लोखंडी तबकडी, तिला हब म्हणतात. चाक तिच्यावरच आवळलेलं असतं. हादराबाईने एका हाताने हब फिरवला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या कडेजवळ पांढरा खडू स्थिर धरला. हब सरळ असता तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली असती. रेघ अर्ध्याच भागावर उमटली. उरलेला अर्धा कोरा.

"वाकलाय," ती म्हणाली. "कुठे आपटलीस?"

"खड्डा होता."

"खड्डा खालून मारतो. रिम चेपते. हे बाजूने आहे."

"मग फुटपाथ असेल. काय फरक पडतो? दुसरा हब टाक. सकाळी पाळी आहे."

तिने हबचा नट काढला आणि ती जड तबकडी ओढून बाहेर घेतली. रॉकेलच्या ट्रेपाशी गेली. नट एकेक उचलून बघू लागली. चिखल सुटला होता, ग्रीस सुटलं होतं. एका नटाच्या कंगोऱ्यात मात्र काहीतरी घट्ट बसलेलं होतं, रॉकेलने न सुटणारं. मग दुसऱ्याच्या. मी मान लांब केली. पोपटी रंग.

बिचाऱ्या धाकट्याने टायर बदलले होते, रिम बदलली होती, दाराजवळ नवा रंगही मारला होता. नट मात्र जुनेच पुन्हा लावले. कारण लहानपणापासून ताईने कानीकपाळी ओरडून शिकवलेलं, नवे नट घेऊ नये, जुने अंगाला बसलेले असतात. तिचं एवढं एकच वाक्य त्याने आयुष्यात ऐकलं, आणि तेच नडलं.

"बाळ्या," ती म्हणाली, "पोपटी चाकं गावात एकाच्याच गाडीला होती."

मी मान पुन्हा आत घेतली.

धाकटा हसला. मग म्हणाला, "मारायचं नव्हतं. जरा घासून घाबरवायचं होतं. तो रोज गाडी आडवी घालायचा मला, तुला माहीतच आहे. त्याने ब्रेक मारायला हवा होता. त्यानेच नाही मारला." आणि मग, अगदी लाडात, "ताई, तू आता गप्प बस फक्त. नवा हब टाक. तो काय, महिन्याभरात बोलून बोलून थकेल."

"त्याला मी मारलं," ती म्हणाली. "पाय मोडलेल्या माणसाला. भर रस्त्यात. तू दारात उभा राहून बघत होतास."

"तू कोणालाही मारतेस. त्यात काय एवढं?"

तिने तो हब उचलून माझ्या हातात कोंबला. "भाऊजी, हा धरा. सोडायचा नाही. आपण चष्मेवाल्याकडे जातोय."

धाकट्याच्या हातात जॅकचा दांडा कधी आला ते मला दिसलं नाही. दांडा तिच्या खांद्यावर बसला तो मात्र आवाजासकट कळला. ती गुडघ्यावर आली आणि तिथूनच तिने डोकं त्याच्या पोटात घातलं. दोघं रॉकेलच्या ट्रेवर पडली, नट चहूकडे उधळले. त्याने तिचे केस धरून कपाळ जमिनीवर आपटलं. तिने त्याच्या पोटरीचा चावा घेतला. भिंतीवरचे पाने एकापाठोपाठ एक खाली कोसळत होते. आई मधल्या दारातून झाडू घेऊन धावली आणि, मी पाहिलंय म्हणून सांगतो, एकही फटका धाकट्यावर न पडू देता सगळे मुलीच्या पाठीवर ओढले. "भावाला खातेस? कैदाशिणी!"

मला पळायला दोनच वाटा होत्या. एका वाटेत दांडा होता, दुसरीत झाडू. म्हणून मी मागून व्हॅनमध्येच चढलो, सीटवर बसलो, आणि तो हब मांडीवर घेऊन त्याच्यावर दोन्ही हात आणि पोट ठेवलं. गळ्यात मेजरिंग टेप तशीच. शूर माणसं अशीच बसतात.

धाकट्याला आठवण झाली की वस्तू माझ्याकडे आहे. तो धावत आला. स्टँडवरची व्हॅन गदगदा हलली. "काका, द्या इकडे. नाल्यात टाकतो. कोणाला कळणार नाही." उजवा हात सरकत्या दारातून आत आला आणि हबच्या कडेला घट्ट धरून ओढू लागला. मी ओढला. त्याने ओढला. दुसऱ्या हाताने त्याने माझ्या कानाखाली दिली. मी सोडला नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या हीचा अजून विश्वास बसत नाही.

त्याच्या मागे हादराबाई उठली. कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरत होतं. तिने त्याला हाक मारली, "बाळ्या, हात काढ."

त्याने हात काढला नाही.

"बाळ्या, हात बाहेर काढ."

त्याने माझ्या मांडीवरून हब अर्धा उचललाच होता. तिने दोन्ही हातांनी दार ओढलं. अंगातला सगळा जोर लावून. वाळकं लाकूड मोडताना होतो तसा आवाज झाला, आणि मग इतकी शांतता की कुठेतरी एक नट गडगडत जाऊन थांबला तेही ऐकू आलं. मग धाकटा ओरडला.

आईच्या हातून झाडू पडला. हादराबाईने दार उघडलं, भावाला बगलेत धरून खाली बसवलं. "भाऊजी, पट्टी!" माझी कापड मापायची लाकडी पट्टी तिने मनगटाखाली धरली आणि माझ्या गळ्यातली टेप काढून वरून गुंडाळली. गुंडाळताना त्याच्या केसांवरून हात फिरवत होती आणि शिव्याही देत होती. दोन्ही एकदम. "हात काढ म्हटलं होतं ना गाढवा? दोनदा म्हटलं होतं ना?"

"ताई, दवाखाना," तो रडत म्हणाला.

"आधी चष्मेवाला. मग दवाखाना."

तिने आपली जुनी गाडी काढली. पुढे रडणारा भाऊ, मागे मी आणि हब, आणि तिच्या मुठीत जमिनीवरून उचललेला एक नट.

चष्मेवाला खाटेवर पाय लांब करून पडला होता. बायको दारातच आडवी उभी राहिली. "आता काय राहिलंय मारायचं?" हादराबाई तिच्या हाताखालून वाकून आत शिरली. तिने हब त्याच्या खाटेवर ठेवला आणि त्याच्या तळहातावर एक नट. "चष्मा नाही म्हणून सांगते. याच्यावर पोपटी रंग आहे. तुझा. तू खरं बोलत होतास."

त्याने नट डोळ्याला टेकवेल इतका जवळ नेला. बराच वेळ फिरवत राहिला. मग बोटाने हबची कड चाचपली आणि वाकलेल्या जागी बोट थांबलं. तो ड्रायव्हर होता, त्याला सांगायला लागलं नाही. त्याने खाटेलगतची कुबडी उचलली आणि दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या नडग्यांवर अशी हाणली की पोरगं मोडल्या मनगटासकट खाली बसलं. कुबडी पुन्हा वर गेली. हादराबाईने ती हवेतच धरली.

"एक पुरे. बाकीचं चौकीत."

"आणि तुझं काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

ती खाटेजवळ खाली बसली आणि तोंड पुढे केलं. त्याने जी दिली ती आवाजावरूनच चांगली होती. तिच्या कपाळाची जखम पुन्हा वाहू लागली.

"मी दोन दिल्या होत्या," ती म्हणाली.

"दुसरी चष्मा आल्यावर. आत्ता नेम लागत नाही."

त्याच्या बायकोला हसू आलं. मग रडू आलं. मग तिने माझ्या हातात चहाचा पेला दिला, कारण मी दाराच्या चौकटीला धरून घसरत चाललो होतो. गल्लीतल्या बातमीत जो चहा आहे तो हा.

दवाखान्यातून दोघं परस्पर चौकीत गेली. धाकट्याने आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. ती शेजारी बसून होती, त्यामुळे त्याला काही विसरायला झालं नाही. खटला चालू आहे. कारखान्यात जाऊनही तिनेच सांगितलं. चष्मेवाला अजून नीट चालत नाही, पण फेऱ्या पुन्हा त्याच्या नावावर झाल्या आहेत. त्याने एक ड्रायव्हर ठेवलाय आणि स्वतः शेजारी बसून त्याला शिव्या देतो. गाडी तीच, धाकट्याची. तिने नवा हब टाकून ती त्याला चालवायला दिली. आता ती नव्वदलाच काय, शंभरलाही थरथरत नाही. माझ्या पोटाने खात्री केली आहे. पुढची चाकं त्याने पोपटी रंगवून घेतली आहेत. चष्माही आलाय. दुसरी थप्पड अजून दिलेली नाही, तो भेटला की काच पुसतो आणि तिच्या गालाकडे बघतो, ती गाल पुढे करते, आणि तो म्हणतो, "आज नको, घाईत आहे."

जामिनावर सुटलेला धाकटा हात गळ्यात बांधून गॅरेजच्या दारात बसलेला असतो. डाव्या हाताने नट वेगळे करतो. तिच्याशी बोलत नाही. ती वाढते ते जेवतो. आई मुलीशी बोलत नाही. काही सांगायचं असलं की भिंतीकडे तोंड करून माझ्या हिला सांगते. हादराबाईचा खांदा अजून पुरता वर उचलत नाही, म्हणून घण मारायचा झाला की ती डाव्या हाताने मारते, आणि माझ्या कॉलरी आता दुसऱ्या बाजूला वाकड्या होतात.

परवा मी किराणा दुकानात साबण घ्यायला उभा होतो. पुढे हादराबाई. दुकानदारीणबाईला राहवलं नाही. वजन करता करता, चार गिऱ्हाइकांच्या देखत, अगदी गोड आवाजात तिने विचारलं, "काय गं, परक्या माणसासाठी सख्ख्या भावाचं मनगट मोडलंस म्हणे? हात तरी कसा धजावला गं तुझा?"

हादराबाईने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "सख्खा आहे म्हणून एकच मोडलं."